जुळीच लावा

सासऱ्यांच्या दुकानात बॅटऱ्यांची लग्नं लागत, असं शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मोठ्या गाडीला एक बॅटरी पुरत नाही. दोन लागतात, एकीच्या शेपटाला दुसरीचं डोकं बांधून. त्या दोघी एका कंपनीच्या, एका मापाच्या, एकाच दिवशी फडताळावरून उतरलेल्या हव्यात, असा सासऱ्यांचा दंडक होता. अशा जोडीला ते ‘जुळी’ म्हणत. जुळ्यांतली एक मेली की दुसरीही काढायची, मग ती कितीही ठणठणीत असो. गिऱ्हाईक कुरकुरायचं, की चांगली चालती बॅटरी काढून टाकता म्हणजे काय. सासरे मान वर न करता म्हणायचे, "तुमच्या गाडीत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या हातून काय बसायचं ते मी ठरवतो." गिऱ्हाईक निघून जायचं आणि बहुतेक वेळा परत यायचं.

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून सासरे दुकानावरच्या खोलीत असत. दुकानाच्या छताला एक भोक होतं. पूर्वी त्यातून वायरींचा जुडगा वर जायचा. आता त्यातून सासऱ्यांचा आवाज खाली यायचा. पंक्चरवाला त्याला आकाशवाणी म्हणायचा. खाली हवेचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला की म्हणायचा, "बापू, आज आकाशवाणीत खरखर आहे."

बापू म्हणजे जावई. तो आधी पंख्यांच्या दुकानात विक्रीला होता आणि तिथे त्याचं नाव होतं. बंद पडलेला पंखा त्याने ‘आवाज न करणारा’ म्हणून विकला असता. सासऱ्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरलीचा नवरा म्हणून जावई दुकानात आला, आणि पाना धरायला शिकला त्याच्याही आधी दुकानाबद्दल बोलायला शिकला. गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे त्याला चटकन कळे. गाडीला काय झालंय हे कळायला जरा वेळ लागे. पण तेही कळे, अगदीच नाही असं नाही.

अडचण दुसरीच होती. पूर्वी हाताखालच्या कारागिराने चूक केली की सासरे हातात असेल ते फेकून मारत. जावयाला काय फेकून मारणार? जावई म्हणजे पाहुणा, तो दुकानात दहा वर्षं राबला तरी पाहुणाच. त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं, आणि एखादी गोष्ट एकदाच सांगायची. दोनदा सांगितलं तर त्याला अक्कल नाही असा अर्थ निघतो. जावयानेही आपल्या बाजूने तसाच नियम केला होता. एकदाच विचारायचं. दोनदा विचारलं तर पहिल्यांदा कळलं नाही असा अर्थ निघतो. अशा रीतीने दोघेही एकमेकांचा मान राखून होते, आणि दोघांच्या मधे जे सांडायचं ते सांडून जायचं.

त्यात पाटीचं प्रकरण निघालं होतं. दुकानाची जुनी पाटी गंजली होती. नव्या पाटीवर सासऱ्यांच्या नावाखाली ‘आणि जावई’ असं यायचं होतं. रंगारी माप घेऊन गेला होता. सासऱ्यांनी त्याला होकार दिला होता, नंतर म्हणाले होते, जरा थांब, सांगतो. त्या ‘सांगतो’वर जावई गेले कित्येक आठवडे लटकून होता. ‘आणि’ हा शब्द इतका महाग असतो हे त्याला आधी माहीत नव्हतं.

त्या सकाळी दुकान उघडून जेमतेम झाडलोट झाली होती, तेवढ्यात जावयाचा मोठा भाऊ आपली बस घेऊन आला. घेऊन आला म्हणजे उतारावरून घरंगळत आणली. हा दादा घाटापलीकडच्या गावाची फेरी करायचा, स्वतःची बस, स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच कंडक्टर.

"सेल्फ उचलत नाही," दादा खिडकीतून म्हणाला. "सकाळी प्रवाशांना धक्का मारायला उतरवलं. दोघे परत चढलेच नाहीत."

"शहाणे असतील."

"तुझी पाटी लागली का?"

"तुझी गाडी सुरू होऊ दे, मग माझ्या पाटीचं बघू."

बसमधे ड्रायव्हरच्या पाठीमागे एक आडवं बाकडं होतं. त्याच्या खाली लाकडी पेटी, पेटीत बॅटऱ्या. ते बाकडं दादा सहसा परक्याला देत नसे. ओळखीच्या, घरच्या माणसांना देई, म्हणजे वाटेत गप्पा मारता येतात. जावयाने बाकड्याची फळी उचलली. एक बॅटरी पोटाशी फुगली होती, दुसरीच्या डोक्यावर पांढरं बुरशीसारखं चढलं होतं. दोन्ही गेल्यात जमा. त्याने त्या बाहेर काढल्या आणि फडताळाकडे गेला. त्या मापाची नवी एकच होती. दुसरी उद्याच्या टेंपोने येणार होती.

"उद्या?" दादा म्हणाला. "अरे, आज फेरी चुकली तर स्टँडवर माझ्या जागी दुसरा उभा राहील. मग मी काय, तुझ्या दुकानात पंखा होऊन फिरू?"

कोपऱ्यात, रिकाम्या डब्यांच्या आड, एक जुनी बॅटरी पडली होती. कुठल्याशा ट्रकमधून काढलेली, मोडीत जायची. माप तेच, रंग तोच. जावयाने तिला मीटर लावला. आकडा झकास आला. त्याने गरम पाण्याने तिचं डोकं धुतलं, फडक्याने पुसलं, टर्मिनलला व्हॅसलीन चोपडलं. नव्या बॅटरीशेजारी ठेवल्यावर ती मोठ्या बहिणीसारखी दिसायला लागली.

तरी त्याने विचारलं, हे त्याच्या जमेच्या बाजूला मांडायलाच हवं. भोकाखाली उभा राहून मान वर करून विचारलं, "मामा, दादाच्या गाडीला नवी एकच आहे. दुसरी कोणती लावू?"

वर सासरे नुकतेच तोंड धुवून बसले होते. कवळी अजून वाटीतल्या पाण्यात होती. खाली नेमका त्याच क्षणी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला. भोकातून जे उत्तर आलं ते असं होतं:

"जु…ईच लावा, जावईबापू. नाहीतर राहू द्या."

मधलं अक्षर वाटेतच पडलं. तिथे ‘ळ’ होता की ‘न’, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं होतं. कान हा मोठा व्यवहारी अवयव आहे. दोन अक्षरांतलं जे आपल्याला परवडतं ते तो उचलतो आणि दुसऱ्याकडे बघतही नाही.

जिना चार पावलांवर होता. जावयाने जिन्याकडे पाहिलंसुद्धा.

"काय म्हणाले?" दादाने विचारलं.

"जुनीच लावा म्हणाले."

"तुझे सासरे? जुनी लावा?"

"वयाने माणूस मऊ होतो रे."

"चांगलंय. माझे सासरे वयाने नुसते बहिरे झाले."

दोघी पेटीत शेजारी शेजारी बसल्या. जावयाने त्यांना पट्टीने जोडलं, नट आवळले, फळी लावली. दादाने किल्ली फिरवली. सेल्फ असा उचलला की फुटपाथवरचं कुत्रं उठून उभं राहिलं. दिवे लख्ख लागले. दादाने हॉर्न वाजवून दाखवला, तोही उगाच दोनदा. पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून बघायला आला आणि म्हणाला, "बापू, हात बसला तुमचा." जावयाला ते खरं वाटलं. खरं वाटायला दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं, आणि इथे तर तिसरा माणूस म्हणत होता.

बस चौकाकडे गेली. जावयाने हात धुतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. ते बोलणं लांबलं. मधे एकदा जिन्यावरून बायकोने हाक मारल्यासारखं वाटलं. त्याने बोट वर करून ‘एक मिनिट’ अशी खूण केली, आणि मिनिट संपल्यावर वळून पाहिलं तेव्हा जिन्यावर कुणी नव्हतं.

दुपारी तो जेवायला वर गेला. सासरे एकटेच खाटेवर बसले होते, पाय लांब करून, गुडघ्यांना शेक देत. ताट झाकून ठेवलेलं होतं.

"ही कुठे गेली?"

"मायलेकी दोघी गेल्या," सासरे म्हणाले. "घाटापलीकडे धाकटीच्या कळा सुरू झाल्या, दोन आठवडे आधीच. फोन आला तशा निघाल्या. तुम्हाला हाक मारली होती, तुम्ही कामात होता."

"गेल्या कशाने?"

"तुमच्या दादांच्या गाडीने. चौकात भरत होती, थांबवली. म्हटलं बरं झालं, घरचंच माणूस आहे. पुढच्या बाकड्यावर बसवलं असेल दोघींना."

जावयाने ताटावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

"जुळीच लावलीत ना?" सासऱ्यांनी विचारलं.

आता कवळी जागेवर होती. कॉम्प्रेसर बंद होता. ‘ळ’ टाळूवर नीट टेकून, घोळून, पूर्ण वजनानिशी बाहेर पडला. त्यात शंकेला सुईच्या टोकाएवढीही जागा नव्हती.

एवढ्यात खरं बोलून मोकळं होता आलं असतं. ‘मामा, मी जुनी ऐकलं’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की सासरे विचारणार, जुनी मी कधी लावू देईन का? आणि त्याला उत्तर नव्हतं. आकाशवाणी खरखरत होती हे खरं. पण दहा वर्षं तोच एक शब्द ऐकलेल्या माणसाने सांगायचं ते कारण नव्हे.

"हो तर," जावई म्हणाला. "जुळीच."

"मिळाली का दुसरी?"

"मिळाली. मागे होती एक."

सासऱ्यांचा चेहरा सैल झाला. तसा चेहरा जावयाने आजवर पाहिला नव्हता. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मला सकाळपासून टोचत होतं. घरचा भाऊ, त्यात घाई. माणूस अशा वेळी घसरतो. आणि तुम्ही परत विचारलं नाहीत, म्हटलं कळलं असेल. रंगाऱ्याला निरोप धाडा संध्याकाळी."

जावयाने घास घेतला. घास तोंडातच फिरत राहिला.

आनंदात असले की सासरे शिकवायला लागत. एरवी जावयाला शिकवणं म्हणजे कमीपणा देणं. पण आता जावई शिकलेला ठरला होता, तेव्हा हरकत नव्हती.

"लोकांना वाटतं मी हटवादी आहे," ते म्हणाले. "अहो, दोघी एकाच धारेवर असतात. एकीतून जेवढं जातं तेवढंच दुसरीतून जातं. म्हातारीचं पोट आटलेलं, ती लवकर भरते. नवी अजून अर्धपोटी. डायनॅमोला दोघी वेगळ्या दिसत नाहीत, त्याला नुसती बेरीज दिसते. बेरीज भरत नाही म्हणून तो ओतत राहतो. आणि म्हातारी तुडुंब भरलेली, तिच्यात आणखी ओततोय. मग ती तापते. उकळते. आतलं पाणी आटतं आणि वायू सुटतो. तो दिसत नाही."

"मीटर लावला तर कळतं की," जावई म्हणाला. आपला आवाज साधा येतोय याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"निजलेल्या माणसाची ताकद कळते का? मीटरला म्हातारीही तरुण दिसते. काम सांगा, मग बघा." सासऱ्यांनी पाय आखडून घेतला. "आणि सपाट रस्त्यावर एकवेळ चालून जाईल. घाटात इंजिन ओरडत असतं, दिवे चालू, वायपर चालू. तिथे ती मरते. मरते तर मरू द्या. पण बंद पेटी, त्यात वायू साठलेला, आणि कुठे एक ठिणगी. पूर्वी एक पाहिलंय मी. पेटीची फळी टपाला चिकटली होती."

"आधी काही कळत नाही?"

"वास येतो ना. नासक्या अंड्यासारखा. पण बसमधे वास आला तर माणूस शेजाऱ्याकडे बघतो, बाकड्याखाली कोण बघतं?"

जावई उठला. "हात धुऊन येतो," म्हणाला. ताटात अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं.

मागच्या गॅलरीत जाऊन त्याने बायकोला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिचा आवाज आला, इंजिनाच्या घुरघुरीतून, जरा ओरडूनच.

"बोला."

"कुठे आहात?"

"अर्धा घाट चढलो. धुकं इतकं आहे की दादा नाक काचेला लावून चालवताहेत. धाकटीचा फोन आला का?"

"नाही. तुम्ही बसलात कुठे?"

"पुढच्या बाकड्यावर. दुसरीकडे कुठे बसवतील? आई झोपलीय माझ्या खांद्यावर. बाकडं मस्त गरम लागतंय, थंडीत बरं वाटतंय तिला."

जावयाने गॅलरीचा कठडा धरला.

"खिडकी उघड," तो म्हणाला.

"का?"

"हवा येऊ दे जरा."

"मागचे आजोबा खोकताहेत, त्यांनी सगळ्या लावून घ्यायला लावल्या. तशी हवा हवीच आहे म्हणा. कुणीतरी उकडलेली अंडी आणलीत, आणि ती पण कालची. सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघताहेत. दादा म्हणाले, ज्याची असतील त्याने खाऊन टाका एकदाची."

पुढचं वाक्य काय हे जावयाला माहीत होतं. ते जिभेवर होतं. पण मागे दार होतं, दारापलीकडे खाट होती, आणि खाटेवर दहा वर्षांत पहिल्यांदा सैल झालेला चेहरा होता. विक्रीच्या धंद्यात माणूस एक शिकतो, की सरळ सांगण्याआधी आडवळण करून बघावं, बरेचदा काम तेवढ्यावरच भागतं.

"तू असं कर," तो म्हणाला. "मामींना घेऊन मागे जाऊन बस. तुला गाडी लागते ना."

"मला? मला कधी गाडी लागली?"

"लागते. पुढे बसलं की लागते."

"अहो, काय झालंय तुम्हाला? आईला आत्ता कुठे झोप लागलीय, रात्रभर तिचा डोळा नाही. मी हलणार नाही."

"ऐक माझं."

"कारण सांगा, मग ऐकते."

मागून काठीचा आवाज आला. सासरे गॅलरीच्या दारात उभे होते. त्या गुडघ्यांनी ते खाटेवरून इथवर कसे आले, कोण जाणे. त्यांनी आधी जावयाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"अंडी कुणी आणलीत?" त्यांनी विचारलं. फोनमधली थोरली नेहमीसारखी ओरडून बोलत होती. तिचा आवाज बापावरच गेला होता.

सासऱ्यांचा चेहरा पुन्हा जागच्या जागी आवळला गेला, नट आवळावा तसा.

"थांबवा गाडी," सासरे म्हणाले.

मग मात्र जावयाने सांगितलं. "दादाला गाडी थांबवायला सांग. आत्ता, असशील तिथे. सगळ्यांना खाली उतरव, लांब ने. बाकड्याखाली बॅटरी तापलीय."

थोरलीने आता कारण विचारलं नाही. ती त्या दुकानात लहानाची मोठी झाली होती, तापलेली बॅटरी म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं. "आई, ऊठ," ती म्हणाली. "आई, ऊठ म्हणते ना." मग तिचा आवाज लांब गेला, दादाला काहीतरी सांगितलं, ब्रेक लागले, इंजिन थांबलं. दार उघडलं. माणसं कुरकुरत उतरायला लागली, कुणाची तरी पिशवी सांडली, खोकणाऱ्या आजोबांचा खोकला फोनजवळून पुढे निघून गेला. जावई प्रत्येक आवाज मोजत होता. मामींचा आवाज आला, "धाकटीचं गाव आलं का?" आणि थोरलीचा, "नाही, चल तू." दोन्ही आवाज पायऱ्या उतरले. जावयाने श्वास सोडला.

मग फोनवर दादा आला.

"काय रे, काय भानगड आहे? अर्ध्या घाटात लोक उतरवले मी. धुक्यात उभे आहेत सगळे."

"इंजिन बंद केलंस ना?"

"केलं. पेटीतून धूर यावा तसं काहीतरी येतंय. वास असला आहे की डोळ्यांत पाणी आलं."

इथे सांगायचं एकच वाक्य होतं. पेटीला हात लावू नकोस, तूही उतर आणि लांब उभा राहा. गाडी बंद होती, माणसं खाली होती. वाऱ्याला आपलं काम करू द्यायचं आणि थांबायचं, एवढंच उरलं होतं. जावयाला हे ठाऊक होतं. आत्ताच तर आत बसून ऐकलं होतं. पण समोर सासरे उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पुढचा प्रश्न तयार होता. त्या प्रश्नाच्या आधी आपलं उत्तर पोचावं, अशी जावयाला निकड लागली.

"दादा, त्याचं असं झालं," तो म्हणाला. बोलत होता फोनमधे आणि बघत होता सासऱ्यांकडे. "सकाळी तूही होतास. मी मामांना विचारलं होतं की नाही? आपल्या मनाने नाही लावली मी. कॉम्प्रेसर चालू होता, मामांची कवळी नव्हती, आणि वरून स्पष्ट आलं, जुनीच लावा. तुला मी लगेच सांगितलं, आठवतंय ना?"

"आठवतंय रे. मग आता काय करू?"

"तेच सांगतोय. म्हणजे बघ, मीटरही लावला होता मी, आकडा बरोबर होता—"

"बरं बरं, कळलं," दादा म्हणाला. "मी बॅटरीचा क्लॅम्प काढून टाकतो. एका मिनिटाचं काम. मग पुढे ढकलत नेऊ." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. फळी सरकली. हत्यारांच्या डब्यात खडखड झाली, दादा हवा तो पाना शोधत होता.

"काय करताहेत ते?" सासऱ्यांनी विचारलं.

"क्लॅम्प काढतोय."

"हात लावू देऊ नका. सुटताना ठिणगी पडते. आधी ते सांगा."

"सांगतो. पण मामा, तुम्ही जुनी म्हणालात की नाही, एवढं—"

"आधी ते सांग," सासरे म्हणाले. त्यांच्या तोंडून जावयाला ‘तू’ पहिल्यांदाच आलं होतं, आणि दोघांनाही ते कळलं. जावई त्या एका शब्दाशी थबकला. किती थबकला? एक श्वास घ्यायला लागतो तेवढा. पाना नटावर बसून अर्धा फिरायलाही तेवढंच लागतं.

"दादा," तो फोनमधे ओरडला. "दादा, हात—"

फार मोठा आवाज झाला नाही. पत्र्याचं झाकण उंचावरून फरशीवर पडावं, तसा. त्यानंतर तुकडे पडत राहिले, टपावर, काचेवर, पायऱ्यांवर. मग काहीच नाही. फोन चालू होता. घाटातला वारा त्यात ऐकू येत होता.

मग दादा ओरडला. जावयाने दादाला लहानपणापासून ओरडताना ऐकलं होतं, रागावून, हसून, ड्रायव्हर लोकांना शिव्या घालताना. हा आवाज त्यातला नव्हता.

धावणारी पावलं आली. फोन उचलला गेला.

"दादांच्या तोंडावर ॲसिड उडालंय," थोरली म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता, आणि म्हणूनच जावयाला भीती वाटली. "तोंडावर, गळ्यावर, सगळीकडे. डोळे चोळताहेत. काय करू?"

"अगं, मी सांगणारच होतो त्याला," जावई म्हणाला. "मी सांगतच होतो, तेवढ्यात त्याने—"

"फोन बाबांना द्या."

"मी सांगतो ना तुला—"

"तुम्ही नका सांगू. बाबांना द्या."

त्याने फोन दिला. सासऱ्यांनी काठी सोडली, दाराच्या चौकटीला पाठ लावली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"ऐक," ते म्हणाले. "चोळू देऊ नको. दोघा जणांना त्यांचे हात धरायला सांग. सगळ्यांच्या पिण्याच्या बाटल्या गोळा कर. त्यांना आडवं कर, मान कलती ठेव. पापणी बोटांनी उघड आणि पाणी ओत, नाकाकडून बाहेर जाईल असं. ते ओरडतील, ओरडू दे. एक संपली की दुसरी. शर्ट फाड, गळ्यावरही ओत. एखादी गाडी येत असेल तर अडव, कॅन असतील त्यांच्याकडे. आणि एका माणसाला दवाखान्याला फोन लावायला सांग."

पलीकडून काय चाललं होतं ते जावयाला आता नीट कळत नव्हतं. फोन सासऱ्यांच्या कानाला घट्ट होता. मधूनच बाटलीतून पाणी निघतं तसा गुळगुळ आवाज येई, मधूनच दादाचा. जावई गॅलरीत उभा होता. हात मोकळे होते, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना. खाली पंक्चरवाल्याने कुणाला तरी काहीतरी विनोद सांगितला, दोघे हसले.

"ओतते आहेस ना?" सासरे म्हणाले. "संपलं तर डबक्यातलं घे. थांबू नको."

बराच वेळ गेला. सासऱ्यांचे गुडघे थरथरायला लागले. जावई त्यांना धरायला पुढे झाला. त्यांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली, नको म्हणून, आणि चौकटीला आणखी रेलले.

"आता पापणी सोड," ते फोनमधे म्हणाले. "त्यांच्यासमोर हात धर तुझा. किती बोटं, ते विचार. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा."

उत्तर आलं, पण ते फक्त सासऱ्यांना ऐकू गेलं. जावई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे काही वाचता येईना.

"बरं," सासरे म्हणाले. "पुन्हा ओत."